प्रश्न कोणाचा? : धूम्रपान-संशोधनातील शासन व तंबाखू-उद्योग यांचे सहकार्य

१९५४ च्या प्रारंभी, अवघ्या एकोणचाळीस दिवसांच्या अंतराने, अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर दोन निवेदने प्रसिद्ध झाली. पहिले ४ जानेवारी रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत छापून आले. ते तंबाखू-कंपन्यांनी व तंबाखू-उत्पादकांच्या संघटनांनी स्वतःच्या सहीने दिले होते आणि त्याच्या शीर्षकात ते धूम्रपान करणाऱ्यांना उद्देशून केलेले प्रांजळ निवेदन असल्याचे म्हटले होते. दुसरे १२ फेब्रुवारी रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी केले. एकाचा कर्ता उद्योग, दुसऱ्याचा कर्ता शासन. तरीही दोहोंचा शेवट एकाच शब्दावर होतो : संशोधन. धूम्रपान आणि आरोग्य या विषयात शासन व तंबाखू-उद्योग यांच्यातील जे सहकार्य पुढील तीन-चार दशके चालले, त्याची भाषिक पायाभरणी या दोन संहितांमध्ये झालेली दिसते.

या सहकार्याचा इतिहास वैद्यकाच्या, कायद्याच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासकांनी विस्ताराने मांडला आहे. १९९८ च्या अमेरिकेतील तडजोड-करारानंतर कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे सार्वजनिक झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रंथालयाने ती २००२ पासून संगणकीय संग्रहात खुली केली असून आज त्या संग्रहात एक कोटीहून अधिक दस्तऐवज आहेत. एकाच संस्थेने एकाच विषयावर जनतेसाठी लिहिलेली आणि स्वतःसाठी लिहिलेली अशी दोन्ही प्रकारची संहिता इतक्या विपुल प्रमाणात समोरासमोर ठेवता येणे ही विरळा घटना होय. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या सामग्रीत रस असण्याचे कारण हेच आहे. निवेदन, अहवाल, टिपण, समितीचे नाव, संस्थेची घटना हे सारे लेखनप्रकार आहेत. त्यांचा निवेदक, त्यांचा अभिप्रेत वाचक आणि त्यांचे मौन ही तिन्ही अंगे वाचता येतात.

प्रस्तुत लेखात या सामग्रीतील काही संहिता शेजारी-शेजारी ठेवून एक मुद्दा तपासला आहे. उद्योगाचा पैसा घेतला म्हणजे संशोधन विकले गेले, असे सरसकट विधान इतिहासाला धरून होत नाही. निर्णायक गोष्ट वेगळी आहे : संशोधनाचा प्रश्न लिहिण्याचा अधिकार कोणाकडे राहिला?

१. दोन निवेदनांची तुलना

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अर्न्स्ट विंडर व एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी रुग्णांच्या तुलनात्मक पाहणीतून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. १९५३ च्या अखेरीस तंबाखूच्या धुरातील टार उंदरांच्या त्वचेवर लावल्याने गाठी होतात, हे विंडर, ग्रॅहम व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाने पुढे आणले. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात कंपन्यांचे प्रमुख एकत्र आले आणि जनसंपर्काचे काम ‘हिल अँड नोल्टन’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. जानेवारीतील निवेदन हे या बैठकीचे फलित होते.

हे निवेदन विकत घेतलेल्या जागेत छापलेले, म्हणजे तांत्रिक अर्थाने जाहिरात होते. परंतु जाहिरातीची सर्व लक्षणे त्यातून कटाक्षाने वगळलेली आहेत. कोणत्याही छापाच्या सिगारेटची स्तुती तेथे नाही. बोलणारा ‘आम्ही’ हा विक्रेता म्हणून नव्हे, तर जबाबदार नागरिक म्हणून बोलतो. लोकांचे आरोग्य हे आपले प्रथम कर्तव्य मानतो असे तो सांगतो, आपली उत्पादने अपायकारक नाहीत असा विश्वास व्यक्त करतो, आणि सार्वजनिक आरोग्याची राखण करणाऱ्यांशी निकटचे सहकार्य करण्याचे वचन देतो. ‘सहकार्य’ हा शब्द या इतिहासात प्रथम येतो तो असा, उद्योगाच्या बाजूने, वचनाच्या रूपात. त्या वचनाच्या पूर्तीसाठी ‘तंबाखू-उद्योग संशोधन समिती’ स्थापन केल्याची घोषणाही तेथेच आहे.

मॅक्लाउड यांचे निवेदन सल्लागार समितीच्या मतावर आधारलेले होते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांत संबंध आहे हे प्रस्थापित झाल्याचे ते मान्य करते. तो कार्यकारणसंबंध असल्याचे अनुमान बळकट आहे हेही मान्य करते. परंतु लगेच, हा संबंध साधा नाही, अशी मर्यादा घालते. याच प्रसंगी, तंबाखू-कंपन्यांनी संशोधनासाठी अडीच लाख पौंड देऊ केले असून ही रक्कम वैद्यकीय संशोधन परिषदेकडे जाईल, असे जाहीर झाले. निवेदनानंतरच्या पत्रकार-परिषदेत स्वतः मंत्री एकामागून एक सिगारेट ओढत होते, ही त्या काळातील बहुचर्चित गोष्ट.

दोन्ही संहितांत ‘संशय’ आहे. त्याची जातकुळी मात्र निराळी आहे. अमेरिकन निवेदनातील संशय हा मुळालाच लागलेला आहे : पुरावा अपुरा आहे, म्हणून दोषारोप अप्रस्तुत. ब्रिटिश निवेदनातील संशय संबंध मान्य करून त्याच्या स्वरूपापुरता उरतो. शास्त्रीय लेखनात अशी मर्यादा घालणे हा सद्गुण समजला जातो. कोणताही प्रामाणिक संशोधक आपल्या निष्कर्षाच्या अखेरीस ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ असे लिहितो. उद्योगाने हे वाक्य बनवले नाही. ते विज्ञानाच्या परिभाषेतून उचलले आणि त्याचे स्थान बदलले. जे वाक्य निष्कर्षानंतर येत असे ते निष्कर्षाच्या जागी येऊन बसले.

२. पैसा घेऊनही स्वायत्त : वैद्यकीय संशोधन परिषद

ब्रिटनमधील अडीच लाख पौंडांचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते. वैद्यकीय संशोधन परिषदेने ही देणगी स्वीकारली, परंतु संशोधनाचे विषय ठरविणे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणे हे अधिकार स्वतःकडेच ठेवले. जून १९५७ मध्ये परिषदेने जाहीर केले की, फुप्फुसाच्या कर्करोगात झालेल्या वाढीचा मोठा भाग सिगारेटशी निगडित आहे आणि हा संबंध सरळ कार्यकारणाचा मानणे हेच सर्वांत सयुक्तिक आहे. ज्यांनी पैसा दिला त्यांच्याच विरुद्ध हा निर्वाळा होता.

उद्योगानेही या घटनेतून बोध घेतलेला दिसतो. ब्रिटिश कंपन्यांनी १९५६ मध्ये स्वतःची ‘स्थायी समिती’ स्थापन केली होती. संख्याशास्त्राचे एक आद्य आचार्य रोनाल्ड फिशर हे या समितीचे सल्लागार झाले आणि कर्करोग व धूम्रपान या दोहोंच्या मुळाशी एकच आनुवंशिक घटक असू शकेल, ही शंका त्यांनी हिरिरीने मांडली. पुढे १९६२ मध्ये हॅरोगेट येथे उद्योगाच्या प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि १९६३ मध्ये समितीचे नाव ‘तंबाखू संशोधन परिषद’ असे झाले. अमेरिकेतही हाच बदल घडला. १९५४ ची ‘तंबाखू-उद्योग संशोधन समिती’ १९६४ मध्ये ‘तंबाखू संशोधन परिषद’ झाली. नावातून ‘उद्योग’ हा शब्द गळला आणि ‘समिती’ची ‘परिषद’ झाली. दोन्ही देशांतील हे नामांतर एका वर्षाच्या अंतराने झाले. नवे नाव वाचणाऱ्या सामान्य वाचकाला ही सार्वजनिक संस्था वाटावी, अशीच त्याची घडण आहे.

३. ‘सवय’ आणि ‘व्यसन’

सहकार्याचा दुसरा प्रकार अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या समितीत दिसतो. सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी १९६२ मध्ये धूम्रपान व आरोग्य या विषयावर दहा तज्ज्ञांची समिती नेमली. संभाव्य सदस्यांची यादी वैद्यकीय संघटनांना, सरकारी खात्यांना आणि तंबाखू-उद्योगाच्या प्रतिनिधींनाही दाखविण्यात आली. कोणत्याही नावावर हरकत घेण्याचा अधिकार या सर्वांना होता. या विषयावर आधीच जाहीर भूमिका घेतलेल्यांना वगळण्यात आले. दहांपैकी पाच सदस्य स्वतः धूम्रपान करणारे होते. अहवाल पूर्वग्रहदूषित आहे असे उद्योगाला पुढे म्हणता येऊ नये, ही या रचनेमागची दूरदृष्टी होती आणि ती सफल झाली. ११ जानेवारी १९६४ रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालाने पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे सिगारेट हे कारण असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले.

‘कारण’ हा शब्द समितीने सहजगत्या वापरलेला नाही. केवळ सांख्यिकीय साहचर्य म्हणजे कारण नव्हे, हे मान्य करून साहचर्याची सातत्यता, तीव्रता, विशिष्टता, कालक्रम आणि सुसंगती अशा पाच कसोट्या अहवालात दिल्या आहेत. शब्दाच्या वापराचे नियम आधी सांगून मग तो वापरणारी ही संहिता विसाव्या शतकातील शासकीय गद्याचा एक उत्तम नमुना म्हणून वाचावी अशी आहे.

तथापि याच अहवालात दुसऱ्या एका शब्दाच्या बाबतीत मात्र निराळा निर्णय झाला. तंबाखूचे अवलंबित्व हे ‘व्यसन’ नसून ‘सवय’ आहे, असे वर्गीकरण समितीने केले. तत्कालीन प्रचलित व्याख्यांना ते धरून होते. परंतु या पानाशेजारी ठेवण्याजोगे दुसरे पान त्याआधी सहा महिने लिहिले गेले होते. ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको या समूहाने जिनिव्हा येथील बॅटेल प्रयोगशाळेकडून निकोटीनवर संशोधन करवून घेतले होते. त्याचे निष्कर्ष टेरी यांच्या समितीपुढे ठेवावेत का, याचा विचार समूहाच्या ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकन कंपनीत झाला आणि ते ठेवू नयेत असे ठरले. याच सुमारास, जुलै १९६३ मध्ये, कंपनीचे कायदा-सल्लागार ॲडिसन येमन यांनी एक अंतर्गत टिपण लिहिले. निकोटीन व्यसन लावणारे आहे आणि आपला धंदा तेच विकण्याचा आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले होते.

हे टिपण १९९४ मध्ये उजेडात आले. निकोटीन व्यसन लावते हे सर्जन जनरलच्या कार्यालयाने अधिकृतपणे मान्य केले ते १९८८ च्या अहवालात. जे विधान खासगी संहितेत १९६३ मध्ये सिद्ध रूपात उपलब्ध होते, त्याला सार्वजनिक संहितेत येण्यास पंचवीस वर्षे लागली. हा शब्दच्छल समजू नये. ‘सवय’ ही ज्याची त्याची असते, ती सोडणे-न सोडणे ज्याच्या त्याच्या हाती. ‘व्यसन’ म्हटले की ते लावणाराही विचारात घ्यावा लागतो. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चहाची सवय आणि तंबाखूचे व्यसन असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीतील त्या शास्त्रीय गद्यात मात्र या दोन शब्दांमधील अंतरावर न्यायालयीन दाव्यांचे आणि कोट्यवधी माणसांच्या आयुष्याचे भवितव्य अवलंबून होते.

येथे समितीला दोष देणे उचित होणार नाही. प्रसिद्ध साहित्यावर विसंबून तिने निर्णय घेतला. दोष सहकार्याच्या अटींमध्ये होता. सदस्यांच्या नावांवर हरकत घेण्याचा हक्क उद्योगाला मिळाला. स्वतःजवळचे ज्ञान समितीपुढे ठेवण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नव्हते.

४. ‘कमी घातक’ सिगारेट

सहकार्याचा तिसरा आणि सर्वांत निकटचा प्रकार अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये घडला. १९६८ मध्ये या संस्थेने ‘कमी घातक सिगारेट कार्यगट’ स्थापन केला. सरकारी व विद्यापीठीय शास्त्रज्ञांबरोबर सिगारेट-कंपन्यांचे संशोधन-प्रमुख त्यात बसत. ते कंपनीचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर व्यक्तिगत नात्याने बसत, असे मानले जाई. तंबाखूची पाने, कागद, गाळणी यांत फेरफार करून प्रायोगिक सिगारेटींच्या मालिका तयार करायच्या, त्यांचा टार उंदरांच्या त्वचेवर तपासायचा आणि कमी हानी करणारी सिगारेट शोधायची, असे कामाचे स्वरूप होते.

या कार्यक्रमामागील प्रेरणा प्रामाणिक होती, हे नोंदवले पाहिजे. लक्षावधी लोक धूम्रपान सोडू शकत नाहीत किंवा सोडू इच्छित नाहीत. मग त्यांच्या हाती निदान कमी विषारी वस्तू तरी पडावी, असा तो विचार होता. परंतु कार्यगटाचे नाव लवकरच बदलले आणि तो केवळ ‘तंबाखू कार्यगट’ झाला. मूळ नावातच एक कबुली दडलेली होती. एखादी सिगारेट ‘कमी घातक’ असायची तर बाजारातील बाकीच्या ‘घातक’ ठरतात. ज्या उद्योगाने हानी सिद्ध झालेली नाही अशी भूमिका न्यायालयांत घेतली होती, त्याला या विशेषणाखाली बसणे अवघडच होते. नव्या नावात ना हानी उरली ना उद्दिष्ट. उरला केवळ पदार्थ.

अधिक महत्त्वाचा बदल प्रश्नात झाला. ‘माणसे सिगारेट ओढतात का आणि ती कशी सोडतील’ या प्रश्नाच्या जागी ‘सिगारेट कशी सुधारेल’ हा प्रश्न आला. पहिल्या वाक्याचा कर्ता माणूस होता, दुसऱ्याचा कर्ता वस्तू. ही वस्तू कशी बनते हे सर्वांत चांगले जाणणारे लोक उद्योगातच असल्याने, दुसरा प्रश्न स्वीकारताक्षणी उद्योग हा अपरिहार्य भागीदार झाला.

कार्यक्रमाचे संचालक गिओ गोरी यांनी १९७६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कमी जोखमीच्या सिगारेटींचा पुरस्कार केला. १९७८ मध्ये एका सहलेखकाबरोबर त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात, कमी टारच्या किती सिगारेटी ओढल्यास जोखमीत लक्षणीय वाढ दिसणार नाही, याचे गणित मांडले. लेखात अटी व मर्यादा होत्या. वृत्तपत्रांनी मात्र तो ‘सुरक्षित धूम्रपान’ या मथळ्याखाली वाचला आणि वाचकांनीही तसाच स्वीकारला. संहिता एका लेखनप्रकारातून दुसऱ्या लेखनप्रकारात गेली की तिच्या अटी मागे राहतात आणि विशेषण तेवढे पुढे जाते, हे अभिग्रहणाच्या अभ्यासकांना परिचित असे तत्त्व येथे प्रत्ययास येते. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे संचालक आर्थर अप्टन आणि सर्जन जनरल ज्युलियस रिचमंड यांना हा निष्कर्ष जाहीरपणे नाकारावा लागला. दशक संपण्यापूर्वी कार्यगटाचे काम थांबले.

‘कमी टार’ या कल्पनेचा आधार असलेले मापन यंत्राने होत असे. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९६७ पासूनच्या पद्धतीत यंत्र मिनिटाला एक झुरका घेई. झुरका दोन सेकंदांचा, पस्तीस मिलिलिटरचा. माणूस असा ओढत नाही. त्याच्या शरीराला निकोटीनची ठराविक मात्रा हवी असते. ती कमी पडली की तो झुरका खोल घेतो, लवकर घेतो आणि गाळणीवरील सूक्ष्म छिद्रे नकळत बोटांनी वा ओठांनी झाकतो. पाकिटावरील आकडा यंत्राने ओढलेल्या सिगारेटचा होता, माणसाने ओढलेल्या नव्हे. १९८७ मध्ये कमिशनने आपली प्रयोगशाळा बंद केली आणि त्यानंतर हे मापन उद्योगाच्याच प्रयोगशाळेत होऊ लागले. आकड्याला शासनाचे नाव आणि उद्योगाचे यंत्र, अशी ही सहकार्याची पुढची पायरी होती.

या प्रकरणाचा समारोप त्याच संस्थेने केला जिने त्याचा आरंभ केला होता. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेराव्या ग्रंथिकेचा निष्कर्ष असा की, पन्नास वर्षांत सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे समाजातील रोगांचा भार लक्षणीयरीत्या घटल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. २००८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने त्या यंत्रमापनाला दिलेली मान्यता मागे घेतली. २००९ च्या अमेरिकन कायद्याने ‘लाइट’, ‘लो’, ‘माइल्ड’ ही विशेषणे पाकिटावर वापरण्यास बंदी घातली. एका विशेषणाने सुरू झालेला कार्यक्रम विशेषणांवरील बंदीने संपला.

५. वगळलेला प्रश्न

ब्रिटनमध्ये याच विचाराचे निराळे रूप आढळते. १९७३ मध्ये रॉबर्ट हंटर यांच्या अध्यक्षतेखाली धूम्रपान व आरोग्य यांवरील स्वतंत्र वैज्ञानिक समिती नेमली गेली. तंबाखूला पर्यायी पदार्थ तपासण्याचे नियम तिने ठरवले. त्यानुसार मान्यता मिळालेल्या, अंशतः कृत्रिम द्रव्य असलेल्या सिगारेटी १९७७ मध्ये बाजारात आल्या आणि ग्राहकांनी पाठ फिरविल्याने अल्पावधीतच नाहीशा झाल्या. या प्रसंगी शासनानेच पोसलेल्या आरोग्य-शिक्षण परिषदेने लोकांना बजावले की, पर्यायी सिगारेटकडे वळणे म्हणजे एकोणचाळिसाव्या मजल्याऐवजी छत्तिसाव्या मजल्यावरून उडी घेणे. शासनाची एक समिती ज्या वस्तूला मान्यता देत होती, तिची शासनाचीच दुसरी संस्था अशी खिल्ली उडवीत होती.

यानंतर १९८२ मध्ये शासन आणि उद्योग यांच्यात झालेला ऐच्छिक करार या संपूर्ण इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण संहिता म्हणावी लागेल. या करारान्वये उद्योगाच्या एक कोटी दहा लक्ष पौंडांतून ‘आरोग्य-संवर्धन संशोधन न्यास’ उभा राहिला. आरोग्यविषयक कोणत्याही संशोधनाला त्याने साहाय्य करावे, परंतु तंबाखूचा वापर आणि तंबाखूचे परिणाम यांचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाला करू नये, असे त्याचे कार्यक्षेत्र आखण्यात आले. तंबाखूच्या पैशावर चालणाऱ्या आरोग्य-संशोधनातून तंबाखू हा एकच विषय वजा करण्यात आला.

वैद्यकीय संशोधन परिषदेची १९५४ ची देणगी, तंबाखू कार्यगट आणि हा न्यास यांची तुलना केली असता क्रम स्पष्ट होतो. पहिल्या ठिकाणी उद्योगाने पैसा दिला आणि प्रश्न सार्वजनिक संस्थेचा राहिला. उत्तर उद्योगाच्या विरुद्ध गेले. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न दोघांनी मिळून लिहिला. उत्तर मिळवण्यात दशक गेले आणि प्रश्नच चुकीचा ठरला. तिसऱ्या ठिकाणी प्रश्न विचारण्यासच मनाई झाली. या तिन्ही ठिकाणी निष्कर्षांत खोटेपणा करण्याची गरज कोणालाही पडली नाही. संशोधनावर प्रभाव टाकण्यासाठी उत्तर बदलावे लागते ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

६. भारतीय संदर्भ

भारतात या प्रकारचे संयुक्त संशोधन झाले नाही. येथे गुंतागुंत वेगळी आहे. शासन स्वतःच तंबाखूच्या लागवडीचे पालक राहिले. राजमहेंद्री येथे १९४७ मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली, १९७५ च्या कायद्याने वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत तंबाखू मंडळ आले, आणि २००३ मध्ये आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम संमत झाला. एकाच शासनाच्या दोन मंत्रालयांच्या कागदपत्रांत एकाच पानाला एकीकडे निर्यातक्षम पीक आणि दुसरीकडे रोगाचे कारण म्हटलेले आढळते.

तंबाखूच्या हानीवरील संशोधनही येथे फार लवकर झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांवर आधारलेला, ल. दे. संघवी, राव आणि व. रा. खानोलकर यांचा निबंध १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू ओढणे व चघळणे आणि मुख-घशाचा कर्करोग यांचा संबंध त्यात तपासला होता. हा निबंध मॅक्लाउड यांच्या निवेदनानंतर एका वर्षाने आणि टेरी यांच्या अहवालाच्या नऊ वर्षे आधी आलेला आहे. पुढे १९६९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि सहकाऱ्यांनी भारतातील पाच जिल्ह्यांतील पन्नास हजारांहून अधिक ग्रामस्थांच्या मुखतपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या पार्श्वभूमीवर २०१५ मधील एक प्रसंग लक्षणीय ठरतो. पाकिटावरील चित्रमय इशारा पंच्याऐंशी टक्के पृष्ठभागावर छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हावयाचा होता. संसदेच्या दुय्यम विधिविधान समितीने तो पुढे ढकलण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी त्या वेळी असे प्रतिपादन केले की, तंबाखू व कर्करोग यांचा संबंध दाखविणारे अभ्यास परदेशांतील आहेत, भारतीय परिस्थितीत तसा अभ्यास झालेला नाही. नियम अखेर १ एप्रिल २०१६ पासून अमलात आला. येथे हेतूचा विचार अप्रस्तुत आहे. विचार वाक्याचा आहे. ‘अधिक संशोधन हवे’ हे १९५४ चे वाक्य एकसष्ट वर्षांनी भारतीय संसदेच्या परिसरात ‘आपल्या देशातील संशोधन हवे’ या रूपात अवतरले. पाश्चात्त्य ज्ञानाकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची जी भूमिका मानव्यविद्यांच्या क्षेत्रात न्याय्य आहे, तिचीच शब्दकळा येथे आलेली दिसते. मात्र ज्या मुंबईत हे संशोधन साठ वर्षांपूर्वी झाले होते, ती समितीच्या अध्यक्षांच्याच राज्याची राजधानी होती. अभ्यासाचा अभाव नव्हता; त्याच्या वाचनाचा अभाव होता.

७. समारोप

२००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सोळाशेहून अधिक पृष्ठांच्या निकालपत्रात, अमेरिकन कंपन्यांनी अनेक दशके संगनमताने जनतेची फसवणूक केली, असा निष्कर्ष नोंदवला. १९५४ चे निवेदन या निकालपत्रात पुरावा म्हणून वाचले गेले आहे. जी संहिता विश्वास मिळविण्यासाठी लिहिली होती, तीच विश्वासभंगाचा दस्तऐवज ठरली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू-नियंत्रणविषयक आराखडा-कराराचे कलम ५.३ हे या इतिहासाला दिलेले कायदेशीर उत्तर होय. २००५ मध्ये अमलात आलेल्या या करारानुसार सार्वजनिक आरोग्याची धोरणे तंबाखू-उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवण्याचे बंधन सदस्य-राष्ट्रांवर आहे. भारताने २००४ मध्येच त्याला मान्यता दिली होती; या कलमास अनुसरून आरोग्य मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता मात्र २०२० मध्ये काढली. दरम्यान सहकार्याचे प्रस्ताव थांबलेले नाहीत. २०१७ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलच्या निधीतून ‘धूम्रमुक्त जग’ हे ध्येय नावात धारण करणारे एक प्रतिष्ठान स्थापन झाले. शासनांनी त्याच्याशी भागीदारी करू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला. २०२४ मध्ये या प्रतिष्ठानाने आपले नाव बदलले. १९६३-६४ मधील नामांतरे लक्षात असलेल्या वाचकाला हा योगायोग अपरिचित वाटणार नाही.

धूम्रपान-संशोधनाच्या या कथेतून, उद्योगाचा पैसा सर्वत्र त्याज्य, असा निष्कर्ष निघत नाही. १९५७ ची वैद्यकीय संशोधन परिषद त्याला अपवाद आहे. निघतो तो वाचनाचा एक नियम. संयुक्त संशोधनाची कोणतीही संहिता हाती आली असता तिचे निष्कर्ष वाचण्यापूर्वी तिचे नाव, तिच्या प्रश्नाचा कर्ता आणि तिच्या कार्यक्षेत्रातून वगळलेला विषय या तीन गोष्टी वाचाव्यात. १९८२ च्या न्यासाबाबत पहिले वाक्य एवढे वाचले तरी पुरे होते : त्याच्या घटनेत तंबाखू हा शब्द आला होता तो केवळ वगळण्यासाठी.